देवीची पापणी

आष्टीच्या बाजारात नवरात्रातल्या जुन्या झाक्यांची, म्हणजे देखाव्यांची गोष्ट निघाली, की चार माणसं अजून चंद्रभानचं नाव घेतात आणि मान डोलावतात. काय डोकं होतं, म्हणतात. डोकं होतं, खोटं कशाला बोला. पण ती झाकी उभी होती शकुबाईच्या तोंडावर, आणि शकुबाईचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही. म्हणून ही हकिकत तिची.

शकुबाई ही चंद्रभानची बायको. माहेर गिरडकडचं, थोडी कोरडवाहू जमीन आणि घरात चार बहिणी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन ती आष्टीत आली, तेव्हा मुलाबद्दल एवढंच सांगितलं होतं की बिजलीचं काम जाणतो, भोंगे नि लायटिंग भाड्यानं देतो, दारूला शिवत नाही. सगळं खरं निघालं. चंद्रभान दारू पीत नव्हता. तो शुद्धीत मारायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, भोंग्याची तार जळाली म्हणून, आणि पुढे मूलबाळ झालं नाही म्हणून. दारुड्याच्या बायकोला निदान सांगता येतं की तो नाही, त्याची दारू मारते. शकुबाईला तेवढाही आडोसा नव्हता. शेजारपाजार सगळं ऐकायचा आणि आपापल्या दाराची कडी लावून घ्यायचा.

चंद्रभान लग्नाआधी टुरिंग टॉकीजच्या तंबूत कामाला होता. गिरडच्या जत्रेत तंबू लागला, की तो पडद्याकडे पाठ करून बसायचा आणि पाहणाऱ्यांची तोंडं पाहायचा. पडद्यावर पूर आला की बाया लुगडं सावरतात, वाघ आला की बाप्ये मागे सरकतात. तिथे जे कळलं ते त्यानं जन्मभर वापरलं. "मानूस अंधारात आला का त्याची अक्कल चपलीसंगं बाहेर राह्यते," असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना हसायचा.

आष्टीत नवरात्राची झाकी बसवायचं काम हिरालाल शेठच्या मंडळाकडे होतं. हिरालाल शेठ कापसाचा व्यापारी, मंडळाचा अध्यक्ष, आणि शेजारच्या तळेगावची झाकी आपल्यापेक्षा चांगली झाली तर आठ दिवस जेवण न जाणारा माणूस. चंद्रभाननं त्याच्या डोक्यात भरवलं की मातीची मूर्ती पुरे झाली, आता जिती देवी बसवायची. पहिल्या वर्षी शाळेतली एक पोरगी मुकुट घालून बसवली. दुसऱ्याच संध्याकाळी देवीच्या नाकावर मच्छर बसला आणि देवीनं कराकरा नाक खाजवलं. अख्खा मांडव हसला. शेठचं नाक कापलं गेलं, आणि पुढच्या वर्षी चंद्रभाननं स्वतःची बायको बसवायची ठरवली.

त्याआधी महिनाभर त्यानं तिला तयार केलं. रोज दुपारी तिला चिमणीच्या ज्योतीसमोर बसवायचं आणि पापणी लवली की कानाच्या पाळीवर टिचकी मारायची. चंद्रभानची टिचकी म्हणजे तार कापणाऱ्या बोटांची टिचकी. कान लाल व्हायचे, मग निळे. नवरात्र आलं तोवर शकुबाई एक अख्खी आरती होईपर्यंत डोळे उघडे ठेवायला शिकली होती.

झाकीचा पडदा उघडला आणि गाव चक्रावलं. बाई आहे की मूर्ती, यावर लोकांनी पैजा लावल्या. एका टवाळानं पुढे होऊन जळती उदबत्ती तिच्या पायाच्या अंगठ्याला टेकवली. शकुबाई हलली नाही. मग मूर्तीच आहे असं ठरवून लोक तिच्या पाया पडले आणि एवढा जयजयकार झाला की तळेगावपर्यंत ऐकू गेला असेल. अंगठ्यावरचा फोड दिवाळीपर्यंत टिकला.

एवढं वाचून कोणाला वाटेल की ही बाई नवरात्राचं नाव काढलं की कापत असेल. उलट होतं. मंडळाची पूजा नत्थूजी सांगायचे, सोवळ्याओवळ्याचे कडक म्हातारे. त्यांनी नियम घातला, की बसणाऱ्या बाईच्या अंगाला नऊ दिवस नवऱ्याचा हात लागायचा नाही. नवऱ्यानं बाहेर ओसरीत झोपायचं आणि रोज संध्याकाळी ती गादीवर बसली की सगळ्यांदेखत तिच्या पायावर डोकं ठेवायचं. नियम देवीच्या सोवळ्यासाठी होता, शकुबाईच्या पाठीची काळजी म्हाताऱ्याला कुठून असणार. पण पहिलं नवरात्र एकही थप्पड न खाता गेलं आणि शकुबाईला उमगलं की आपल्याला काय मिळालंय.

तेव्हापासून तिचं वर्ष नऊ दिवसांचं झालं. बाकीचे दिवस ती नुसते ढकलायची. पोळ्याला बैल सजले की तिच्या चेहऱ्यावर उजेड यायचा, कारण पोळ्यानंतर गणपती आणि गणपतीनंतर घट. त्या नऊ दिवसांत ती ताठ चालायची. भाजीत मीठ कमी घालून पाहायची आणि चंद्रभान ते मुकाट जेवायचा. गादीवर बसली की तो खाली वाकायचा आणि त्याच्या टाळूवरचे विरळ होत चाललेले केस ती दर वर्षी पाहायची. दसऱ्याला सोनं वाटून झालं की नियम सुटायचा. बरेचदा त्याच संध्याकाळी सुटायचा, कारण नऊ दिवसांचं अळणी जेवण चंद्रभान विसरत नसे. तरी तिला तो सौदा परवडत होता.

अशी दहा-बारा वर्षं गेली. दिव्याकडे बघून बघून तिला धूसर दिसू लागलं. सुईत दोरा ओवता येईना, चुलीजवळ बसली तरी डोळ्यांतून पाणी गळायचं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गादीवर दुसरी बाई बसवली असती, आणि मग नऊ दिवस त्या दुसरीचे झाले असते.

गादी गेलीच, पण दुसऱ्या बाईपायी गेली नाही.

सन शहाऐंशीच्या उन्हाळ्यात हिरालाल शेठच्या पोरीचं लग्न झालं. शेठनं वर्ध्याहून व्हिडिओवाला आणला. लग्नानंतर अंगणात कलर टीव्ही ठेवून कॅसेट लावली, तर पाहुणे हातातलं ताट विसरून स्वतःलाच पाहत बसले. चंद्रभान आपल्या सवयीनं टीव्हीकडे पाठ करून लोकांची तोंडं पाहत होता. घरी आला तो जेवलाच नाही. कागदावर रेघोट्या मारत बसला.

त्या नवरात्रात त्यानं जी गुफा बांधली, ती पाहिलेली माणसं अजून आहेत. बांबूच्या कमानींवर बारदान ताणलं, त्यावर चुना-माती थापली आणि आत एक वाकडीतिकडी वाट काढली. भिंतींतून पाणी झिरपायचं. बर्फाच्या लाद्यांमागे टेबलफॅन लावले होते, त्यामुळे बाहेर आश्विनातलं ऊन आणि आत हिमालय. कुठे धबधब्याचा आवाज, कुठे घंटा, कुठे पायाखाली ओली वाळू, आणि उजेड एवढाच की पुढच्या माणसाची पाठ दिसावी. चार वळणं घेता घेता माणूस आष्टी विसरायचा. शेवटच्या वळणावर देवी होती. मूर्ती शाडूची, पण चेहऱ्याच्या जागी भोक आणि त्यामागे टीव्ही. म्हणजे मुकुट, नथ, हार सगळं मातीचं, आणि तोंड मात्र जितं.

ते तोंड शकुबाईचं हे ठरलेलंच होतं. पण तोंड टीव्हीत गेल्यावर आपण कुठे बसायचं, हे तिला समजेना. तिनं नवऱ्याला विचारलं.

"घरी बस," चंद्रभान म्हणाला. "तुह्यं काम एका दिवसाचं. मंग आराम."

आराम हा शब्द ऐकला तशी ती नत्थूजींकडे गेली. म्हातारे आता खाटेवरून उठत नव्हते, पण नियम त्यांचाच चालायचा. तिनं पदर पुढे ओढून विचारलं, की बाबाजी, औंदाही नऊ दिवसांचं सोवळं राह्यलच ना. नत्थूजींनी डोळे मिटून बराच विचार केला.

"सोवळं बसनारीले असते," ते म्हणाले. "औंदा बसते कोन? ते क्यासेट. त्या क्यासेटले विटाळ नाई लागला पाह्यजे. तुले काई बंधन नाई, बाई. मोकळी झाली तू."

अशा रीतीनं नियम शकुबाईवरून सुटला आणि कॅसेटला लागला. चंद्रभान आंघोळ केल्याशिवाय कॅसेटला हात लावत नसे. तिला पाटावर ठेवी, वर पांढरं फडकं घाली, हळदकुंकू वाही. ज्याच्या हाताला बायकोची पाठ अनोळखी नव्हती, तो ती काळी डबी दोन्ही तळव्यांवर घेऊन चालायचा.

चेहऱ्याचं चित्रण केलं ते शेठच्या जिनिंगच्या शेडमध्ये, भर दुपारी. मागे काळं कापड, समोर मोठे दिवे, आणि शकुबाईच्या तोंडाला पिवळा रंग. व्हिडिओवाल्याला चंद्रभाननं आधीच बजावलं होतं, की देवी हलली पाहिजे, नाहीतर फोटो नि टीव्हीत फरक काय. तिनं फक्त पापणी लववायची होती, तीही हळूच, समोर उभ्या भक्ताकडे बघून.

आणि शकुबाईला तेच येईना. जिच्या कानावर टिचक्या मारून पापणी बांधून टाकली होती, तिला आता ती सोडायला सांगत होते. लवव म्हटलं की ती डोळे गच्च मिटायची आणि उघडायची, डोळ्यात कचरा गेल्यासारखी. पुन्हा सांगितलं की टक लावून बसायची. व्हिडिओवाला कंटाळला. बॅटरी संपत आली म्हणाला. शेठ घड्याळ बघू लागला.

चंद्रभान कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. त्यानं फक्त उजवा हात वर उचलला, घरी उचलायचा तसा.

शकुबाईच्या पापण्या झटकन खाली आल्या. क्षणभर तशाच राहिल्या, मार पडतो का याची वाट बघत. पडला नाही तेव्हा हळूहळू वर आल्या. डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि नजर वर, हाताच्या बाजूला लागली होती. व्हिडिओवाल्यानं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा डोळा कॅमेऱ्याला लावला आणि पाहिजे ते भेटलं म्हणाला. शेठनं तिथल्या तिथे हात जोडले. वर्ध्याला नेऊन तो तुकडा एकापुढे एक असा उतरवून घेतला आणि कॅसेट भरली.

घट बसले त्या संध्याकाळी गुफेबाहेर रांग एसटी स्टँडपर्यंत गेली. थंड अंधारातून आलेली माणसं देवीसमोर थांबायची. देवी बघत असायची. मग तिची पापणी हळूच खाली यायची, वर उठायची, आणि ओल्या डोळ्यांनी ती थेट आपल्याकडे बघते आहे असं ज्याला त्याला वाटायचं. बाया हुंदके देऊन रडल्या. शेठची बायको सुमित्राबाई ओटी हातात घेऊन तिथेच खाली बसली. माय माह्याकडंच पाहून राह्यली, माह्यं दुख तिले कयलं, असं सगळ्यांना सांगत सुटली. मार चुकवायला मिटलेल्या डोळ्यांत गावाला दया दिसली. गावाला काय दोष द्यावा, अंधारात चांगल्या-चांगल्यांना दिसते. पण याच बाया शकुबाईच्या भिंतीला भिंत लावून राहत होत्या, आणि तिथे उजेड होता, हे मला विसरता येत नाही.

दुसऱ्या माळेला शकुबाईनं भाजीत मीठ कमी घातलं. मुद्दाम घातलं की सवयीनं, तिलाच सांगता आलं नसतं. चंद्रभाननं ताट बाजूला सारलं आणि तिला मारलं. तोंडाला हात लावला नाही, तोंड मंडळाचं होतं. नवरात्रातला तो पहिला मार. पाठीला वर्षभराची सवय होती, पण त्या दिवसांत नव्हती, म्हणून फार लागला. बाहेर भोंग्यावर आरती चालू होती. ती संपल्यावर शेजारच्या बाया ताटं घेऊन तिच्याच दारावरून देवीच्या दर्शनाला गेल्या.

सातव्या माळेला संध्याकाळी गुफा गच्च भरलेली असताना लाईन गेली. डीपी जळाली होती, आर्वीहून माणूस येईपर्यंत काही होणार नव्हतं. भाड्याचं जनरेटर तिसऱ्याच दिवशी बसलं होतं. आत पंखे थांबले, धबधबा थांबला, आणि देवीला तोंड राहिलं नाही. मुकुटाखाली काळं चौकोनी भोक. एक बाई ते बघून किंचाळली आणि गर्दीत रेटारेटी सुरू झाली. हिरालाल शेठ घामाघूम होऊन चंद्रभानवर ओरडला, आणि मग दोघांना एकदमच आठवलं की जिती बाई घरी आहे.

शकुबाईला धावत आणली. मागच्या बाजूला कनातीत सुमित्राबाईनं तिला लुगडं नेसवलं. पोलक्याची गाठ सोडताना पाठीवरचे वळ दिसले. सुमित्राबाईचा हात थांबला. क्षणभर ती काहीतरी बोलेल असं शकुबाईला वाटलं. तिनं पदर घेऊन ते नीट झाकले आणि हार पुढे आण असं बाहेरच्या बाईला सांगितलं.

शेठ कनातीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. "शकुबाई, लोकायले पापनी लवताना पाह्यची सवय झाली," तो म्हणाला. "ते जमव. जमलं तर त्या डब्याची भानगड नाई पाह्यजे मले, पुढच्या वर्षापासून तूच बसजो."

तिनं मान हलवली. एका पापणीवर नऊ दिवस परत मिळणार होते.

मूर्ती बाजूला केली, गादी मांडली, दोन गॅसबत्त्या लावल्या. ती बसली. बसणारी परत बाई होती, म्हणून नत्थूजींचा नियमही परत आला. कोणीतरी आठवण केली आणि चंद्रभान सगळ्यांदेखत पुढे होऊन वाकला. त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं त्याची टाळू पाहिली. टाळू आता पार उघडी पडली होती. तिचे खांदे सैल झाले, पाठीतली कळ कुठच्या कुठे गेली, आणि कितीतरी महिन्यांनी तिनं पोटभर श्वास घेतला.

लोक पुढे सरकले. हात जोडून वाट बघू लागले. शकुबाई टक लावून बसली होती, अंगी मुरलेलं होतं ते. मग तिनं पापणी लववली. डोळे गच्च मिटले, उघडले. एक पोर फिसकन हसलं. पुन्हा प्रयत्न केला, तर ते पहिल्यापेक्षा वाईट झालं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. माय आज पाहून नाई राह्यली, एक म्हातारी म्हणाली. हे तर सोंग हाये, मागून कोणी बोललं.

तेव्हा चंद्रभान गॅसबत्तीच्या शेजारी, तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. गर्दीकडे त्याची पाठ होती. त्यानं उजवा हात वर उचलला.

तिला धूसर दिसत होतं, पण तो हात ओळखायला डोळे लागत नव्हते. हात कशासाठी उचलला तेही तिला कळलं. पापणी खाली येऊ दे, तिनं स्वतःला सांगितलं. एकदाच. ती मनापासून वाट बघत राहिली. पण ती गादीवर बसली होती, घट बसलेले होते, आणि इथे तो हात पडू शकत नाही हे तिच्या अंगाला दहा-बारा वर्षं पाठ होतं. अंग भ्यायलाच तयार नव्हतं. डोळे सताड उघडे राहिले. हात वर, डोळे उघडे, असे दोघं नवराबायको सगळ्या गावासमोर एकमेकांकडे पाहत राहिले. तिनं घरातल्या मारांतला एकेक आठवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. जन्मात पहिल्यांदा हात उगारलेला असताना तिला त्याची भीती वाटत नव्हती, आणि त्याच वेळी ती हवी होती.

"उठवा तिले," हिरालाल शेठ म्हणाला.

तेवढ्यात आर्वीच्या माणसानं डीपीचं काम उरकलं आणि लाईन आली. पंखे घरघरले, धबधबा वाहू लागला. दोघांनी शकुबाईला दंडाला धरून मागे नेली, मूर्ती जागेवर सरकवली, टीव्ही लावला. देवीचं तोंड उजळलं. ती बघत राहिली, आणि मग तिची पापणी हळूच खाली येऊन वर गेली. लोकांनी असा जयजयकार केला की वरच्या बारदानातून माती गळली. म्हातारी रडत म्हणाली, आली वं माय, आली.

कनातीच्या मागे शकुबाई मुकुट हातात घेऊन मातीत उभी होती. चंद्रभान वाकून आत आला. नियम कॅसेटकडे परत गेला होता. त्यानं हात उचलला, आणि शकुबाईच्या पापण्या झटकन खाली आल्या, क्षणभर थांबल्या, मग पाण्यानं भरलेले डोळे हळूहळू वर उघडले. अगदी आतल्या टीव्हीतल्यासारखे. फक्त या वेळी हात थांबला नाही.

ती कॅसेट पुढे तीन नवरात्रं चालली.